बारशाआधी पहिला डोस

प्रति,
आरोग्य अधिकारी, पुणे महानगरपालिका आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका;
जिल्हा आरोग्य अधिकारी, पुणे जिल्हा परिषद;
आणि शहर-जिल्ह्यातील सर्व सरकारी व खासगी प्रसूतिगृहांचे प्रमुख

स.न.वि.वि.

तुमच्याकडे नवजात बाळाच्या रक्ताची तपासणी होते का, असे विचारले तर आता बऱ्याच ठिकाणी ‘होते’ असे उत्तर मिळते. कुठे टाचेचे रक्त कार्डावर घेतात, कुठे नाळेचे रक्त बाटलीत भरतात, तर कुठे खासगी तपासणीचे माहितीपत्रक आईबापांच्या हाती देतात. आम्हाला त्याच्या पुढचे विचारायचे आहे. ज्या बाळाचा रिपोर्ट बिघडलेला आला, त्याच्या तोंडात औषधाचा पहिला डोस कितव्या दिवशी पडला? हा आकडा तुमच्या कोणत्या रजिस्टरमध्ये सापडेल?

कार्ड भरले म्हणजे तपासणी झाली, असा समज रुजत चालला आहे. कार्ड ही फक्त सुरुवात आहे. ते वाळले पाहिजे, प्रयोगशाळेत पोचले पाहिजे, रिपोर्ट कुणीतरी वाचला पाहिजे, घरी फोन लागला पाहिजे, बाळ परत आले पाहिजे, शिरेतले रक्त तपासले गेले पाहिजे आणि गोळी सुरू झाली पाहिजे. यातले काहीही एक राहिले, तर बाळाच्या मेंदूच्या लेखी काहीच घडलेले नसते. म्हणून आमची मागणी एका आकड्यापुरती आहे: जन्मजात थायरॉइड कमतरता असलेल्या बाळाला बारशाच्या आधी, म्हणजे बाराव्या दिवसाच्या आत, पहिला डोस मिळाला पाहिजे. वैद्यकीय मार्गदर्शनात चौदा दिवसांची मर्यादा सांगितली जाते. बारसे दोन दिवस आधी येते आणि ते प्रत्येक घराच्या लक्षात असते, म्हणून आम्ही ती खूण धरली आहे.

थायरॉइडपासूनच सुरुवात का? कारण बौद्धिक अपंगत्वाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हे सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक आहे आणि त्यावरचे औषध अगदी स्वस्त आहे. बहुतेक बाळांत ग्रंथी गर्भातच नीट घडलेली नसते. काहींत ती असते, पण संप्रेरक (हार्मोन) तयार करणारे एखादे विकर (एन्झाइम) आनुवंशिक दोषामुळे काम करत नाही. नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत हा दुसरा प्रकार अधिक दिसतो. गर्भात आईचे थायरॉइड संप्रेरक वारेतून थोडेफार पोचत असते आणि तेच मेंदूला सांभाळते. नाळ कापली की तो पुरवठा थांबतो. मेंदूतील तंतूंवर आवरण चढणे, पेशींची एकमेकींशी जोडणी होणे ही कामे जन्मानंतरच्या महिन्यांत सर्वांत वेगाने चालतात आणि त्यांना हे संप्रेरक लागतेच. त्या काळात राहिलेले काम पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी पूर्ण भरून निघत नाही.

आणि याच काळात बाळ दिसायला चांगले असते. वजन बरे भरलेले, अंगाने गुटगुटीत. ‘किती गुणी बाळ आहे, रडतच नाही’ असे आजी कौतुकाने सांगते. कावीळ तीन आठवडे रेंगाळली तर कोवळे ऊन दाखवले जाते. चार-चार दिवस शी झाली नाही तर गुटी उगाळली जाते. बेंबी फुगलेली दिसली तर ‘रडून आली असेल’ म्हणतात. आवाज घोगरा, जीभ थोडी जाड, अंग गार. प्रत्येक लक्षणाला घरात एक साधे उत्तर तयार असते आणि सुटे सुटे पाहिले तर ते पटण्यासारखेही असते. सगळी लक्षणे मिळून डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येईपर्यंत तीन-चार महिने गेलेले असतात. घरच्यांना यात दोष देता येत नाही. नजरेने ओळखता येत नाही, म्हणून तर रक्त तपासायचे.

उशिराची किंमत किती, हे जुन्या नोंदींतून कळते. नवजात तपासणी सुरू होण्यापूर्वीच्या काळातला, १९७२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. ज्यांचे उपचार तीन महिन्यांच्या आत सुरू झाले, त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९ होता, तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्यांचा ७०, त्यानंतरच्यांचा ५४. औषध तेच होते, फरक फक्त तारखेचा. आज जिथे पहिल्या दोन आठवड्यांत पुरेसा डोस सुरू होतो, तिथली बहुसंख्य मुले सर्वसाधारण शाळेत भावंडांच्या बरोबरीने शिकतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळे तपासली, तेव्हा दर ११३० बाळांमागे एकाला हा विकार आढळला. आपल्या हिशेबात मांडायचे तर महिन्याला शंभर बाळंतपणे होणाऱ्या प्रसूतिगृहात साधारण वर्षाला एक बाळ. एखाद्या वर्षी एकही नसेल, एखाद्या वर्षी दोन असतील. ‘आमच्याकडे कधी सापडले नाही’ असे दहा वर्षे चाललेले प्रसूतिगृह सांगते, तेव्हा अशी बाळे तिथे जन्मली आणि ओळखू न येता घरी गेली, हीच शक्यता जास्त.

लसीकरणाच्या वेळी बघू, असेही म्हणता येत नाही. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बी यांचे जन्माच्या वेळचे डोस झाले की पुढची लस दीड महिन्याने. ही मधली पोकळीच या विकाराचा सगळा महत्त्वाचा काळ खाऊन टाकते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. रक्त घेण्याची योग्य वेळ ४८ ते ७२ तासांची. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत प्रत्येक निरोगी बाळाचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढते) उसळलेला असतो. तेव्हा घेतलेल्या रक्तावर विनाकारण घबराट होते. उलट अमिनो आम्लांचे विकार त्या वेळी नजरेतून निसटतात, कारण बाळाच्या पोटात अजून पुरेसे दूध गेलेले नसते. आपल्याकडे साध्या बाळंतपणानंतर अनेक बायका दुसऱ्या दिवशीच घरी जायला निघतात. अशा वेळी ‘अठ्ठेचाळीस तास झाले नाहीत’ म्हणून तपासणी सोडून देऊ नका. चोवीस तास उलटले असतील तर निघताना रक्त घ्या, कार्डावर तास लिहा आणि रिपोर्ट त्या तासांच्या मर्यादेने वाचा. जिथे चोवीस तासही कुणी थांबत नाही, तिथे टीएसएचपुरते नाळेचे रक्त चालते. पण नाळेच्या रक्तावर पीकेयू (प्रथिनांतला एक घटक न पचण्याचा विकार), गॅलॅक्टोसिमिया (दुधातली साखर न सोसण्याचा विकार) किंवा अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीचा विकार कळत नाही, हे आईबापांना सांगितले पाहिजे; नाहीतर ‘सगळे तपासले’ असे समजून ते निश्चिंत होतात.

टाच टोचण्याचे काम बहुतेक ठिकाणी रात्रपाळीच्या सिस्टरवर असते आणि त्यांना ते नीट शिकवलेले नसते. कोमट, ४२ अंशांपेक्षा गरम नसलेल्या ओल्या कापडाने टाच तीन ते पाच मिनिटे शेकायची. स्पिरिटने पुसून ती हवेवर पूर्ण वाळू द्यायची. ओले स्पिरिट रक्तात मिसळले की ते पातळ होते आणि आकडे बिघडतात. टोचायचे ते टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला, तळव्याच्या बाजूने. मागच्या गोलाईवर कधीच नाही, तिथे हाड जवळ असते. टोकाची खोली २ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. इंजेक्शनची सुई वापरू नये. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाकायचा. नंतरचा मोठा थेंब आपोआप जमू द्यायचा आणि कागद त्याला अलगद टेकवायचा. एका वर्तुळाला एकच थेंब, एकाच बाजूने, आरपार भिजेपर्यंत. वर्तुळ भरले नाही म्हणून त्यावर दुसरा थेंब चढवला की रक्ताचे थर साचतात आणि आकडा खोटा वाढतो. टाच पिळली तर ऊतींतले पाणी उतरते आणि आकडा खोटा घटतो. यंत्र त्या डागातून जेमतेम ३ मिलिमीटरची टिकली कापते. त्या टिकलीत किती रक्त आहे यावरच सगळे गणित बसलेले असते, म्हणून एवढी काटेकोरी.

त्या वेळी आईने बाळाला छातीशी धरले किंवा पाजत ठेवले तर बाळ कमी रडते आणि रक्तही नीट येते.

कार्ड वाळवणे ही स्वतंत्र पायरी आहे. आडवे ठेवून, कागदाची भिजलेली बाजू कुठेही न टेकवता, सावलीत तीन-चार तास. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या दमट हवेत याहून जास्त वेळ लागतो. डाग लाल न राहता तपकिरी झाला की वाळला असे समजावे. हीटर, ड्रायर, ऊन यांपैकी काहीही नको. ओले कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातले तर आतल्या आत ते कुजते. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या कार्डाचे नुकसान वेगळेच: बायोटिनिडेज, जीएएलटी, जीसिक्सपीडी ही विकरे उष्णतेने मरतात आणि निरोगी बाळ आजारी असल्याचा रिपोर्ट येतो. अशा चार-पाच खोट्या हाका झाल्या की घरचे आणि डॉक्टर, दोघांचाही तपासणीवरचा विश्वास उडतो. मग पुढची हाक खरी असली तरी कुणी मनावर घेत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सहज बदलता येते. नाळेला किंवा बाळाच्या अंगाला बिटाडीन लावू नका. त्यातले आयोडीन बाळाच्या कोवळ्या त्वचेतून आत जाते, ग्रंथी काही दिवस दबते आणि टीएसएच वाढतो. सिझेरियनच्या वेळी आईच्या पोटावर भरपूर बिटाडीन वापरलेले असेल तर तेही कार्डावर नोंदवा.

कार्ड प्रसूतिगृहातून चोवीस तासांच्या आत निघाले पाहिजे. खर्च वाचवण्यासाठी आठवड्याची कार्डे साठवून सोमवारी एकत्र पाठवणे ही चूक फार महाग पडते. गुरुवारी कार्ड भरलेल्या बाळाचे चार दिवस तिथेच जातात. गणेशोत्सवातले दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा यांचे नियोजन वेगळे करावे लागेल. विसर्जनाच्या दिवशी पेठांतून कुरिअर हलत नाही, प्रयोगशाळेत माणसे कमी असतात, आणि बाळे मात्र त्या दिवशीही जन्मतात. प्रयोगशाळेशी करार करताना लिहून घ्या: सुट्टीत कार्ड कोण नेणार, गंभीर आकडा आला तर कोणाला फोन करणार, किती तासांत. ईमेलवर पीडीएफ पाठवला म्हणजे कळवले, असे धरू नये.

रिपोर्टमधल्या दोन खाचाखोचा अनुभवी डॉक्टरांनाही चकवतात. पहिली एककांची. काही प्रयोगशाळा वाळलेल्या डागाचा टीएसएच पूर्ण रक्ताच्या हिशेबात देतात, काही रक्तद्रवाच्या (सीरमच्या). दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण २.२ पट असतो. रक्तद्रवाच्या हिशेबातली २० ही मर्यादा पूर्ण रक्ताच्या हिशेबात ९ च्या आसपास येते. रिपोर्टवर नुसते ‘१४’ छापलेले असेल आणि एकक पाहिले नाही, तर परत बोलवायला हवे ते बाळ ‘नॉर्मल’ म्हणून घरी राहते. दुसरी खाच शिरेतल्या रक्ताच्या रिपोर्टची. त्यावर शेजारी मोठ्या माणसाचा पल्ला छापलेला असतो. मोठ्यांत टी-फोर (थायरॉइडचे मुख्य संप्रेरक) ६ मायक्रोग्रॅम म्हणजे ठीक; नवजात बाळात ८ च्या खाली म्हणजे कमी. यंत्राने ठळक अक्षरात दाखवले नाही म्हणून ते सोडू नका.

परत बोलावण्याचा क्रम असा. ४८ तासांनंतरच्या नमुन्यात टीएसएच रक्तद्रवाच्या हिशेबात ४० च्या वर असेल तर बाळाला ताबडतोब, उशिरात उशिरा तीन दिवसांत, बोलवायचे; शिरेतले रक्त घ्यायचे आणि रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी औषध सुरू करायचे. गोळी दोन दिवस उगीच गेली तर काही बिघडत नाही. २० ते ४० मध्ये असेल तर सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा नमुना. वेळेआधी जन्मलेली, कमी वजनाची, अतिदक्षता विभागातली बाळे आणि जुळी यांची तपासणी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करावीच, पहिला रिपोर्ट कितीही चांगला असला तरी. त्यांचा टीएसएच उशिरा वाढतो. रक्त चढवायचे असेल तर आधी कार्ड भरायचे.

सगळ्यांत जास्त बाळे हरवतात ती मात्र यानंतर, फोनवर. पहिले बाळंतपण माहेरी होते. केसपेपरवर पत्ता सासरचा, फोन नवऱ्याचा आणि नवरा चाकणच्या कंपनीत पाळीवर, जिथे फोन आत नेता येत नाही. हिंजवडी, वाघोलीच्या बांधकामांवरची कुटुंबे काम संपले की साइट बदलतात. सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचे नाही असे घरात ठरलेले असते आणि ‘रिपोर्टमध्ये थोडे कमी-जास्त आहे, सवडीने दाखवून जा’ एवढाच निरोप पोचला तर ते सव्वा महिन्यानेच येतात. निरोप असा हवा: ‘बाळाला आजच, फार तर उद्या, आणायचेच आहे. आजार बरा ठेवता येतो, पण औषध बारशाच्या आधी सुरू झाले पाहिजे.’ हा निरोप आईला स्वतःला किंवा बाळाच्या आजीला मिळाला पाहिजे. आजीला पटले की गाडी त्याच दिवशी निघते.

थायरॉइडची (लेव्होथायरॉक्सिनची) गोळी कशी द्यायची, हे चिठ्ठीवर लिहून भागत नाही. एकदा समोर करून दाखवावे लागते. मात्रा किलोमागे दिवसाला १० ते १५ मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या बाळाला ३० ते ४५, म्हणजे व्यवहारात पंचवीस मायक्रोग्रॅमची दीड गोळी. चमच्यात गोळी चुरगळून त्यात आईचे काढलेले दूध किंवा उकळून गार केलेले पाणी थोडेसे घालायचे, लगेच पाजायचे आणि चमचा पुन्हा त्याच थेंबभर दुधाने विसळून तेही पाजायचे. भरलेल्या बाटलीत गोळी टाकू नये. बाळ अर्धे दूध टाकते आणि डोस किती गेला ते कळत नाही. औषध दुकानात सिरप बनवून घेऊ नका, ते टिकत नाही. लोह, कॅल्शियम आणि सोयाचे दूध गोळीला आतड्यात अडवतात. त्यांच्यात काही तासांचे अंतर हवे. गोळीची डबी खिडकीत किंवा गॅसजवळच्या फळीवर ठेवायची नाही, कारण ऊन आणि ओल दोन्ही तिला बिघडवतात. रोजचा खर्च चहाच्या एका कपाहून कमी आहे.

पुढच्या तपासण्या दोन आठवड्यांनी, महिन्याने, मग सहा महिन्यांपर्यंत दर दोन महिन्यांनी आणि तीन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी. बाळाचे वजन भराभर वाढते आणि जुना डोस अपुरा पडतो. बरेच जण सहाव्या-सातव्या महिन्यात, बाळ हसते-खेळते झाले की, गोळी स्वतःहून बंद करतात. बाळ चांगले आहे ते गोळीमुळे, हे प्रत्येक भेटीत सांगायला हवे. काही मुलांत कमतरता तात्पुरती असते, पण ते पाहण्यासाठी गोळी थांबवायची ती तीन वर्षे पूर्ण झाल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मेंदूची मुख्य बांधणी तोवर झालेली असते.

काही विकार बारशापर्यंत थांबत नाहीत. मेपल सिरप विकार, युरिया चक्राचे विकार, सेंद्रिय आम्लांचे विकार या, प्रथिनांचे विघटन अडून रक्तात विष साचण्याच्या, आजारांत बाळ दोन-तीन दिवस छान असते, मग दूध ओढेनासे होते, सुस्तावते, श्वास वेगाने घेते, झटके येतात. जंतुसंसर्ग झाला असे समजून प्रतिजैविके सुरू होतात. ती द्यावीतच, पण त्याच वेळी रक्तातले अमोनिया, साखर, लॅक्टेट, आम्लता आणि लघवीतले कीटोन पाहा. अमोनियाचा नमुना दंडाला पट्टा न आवळता घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि अर्ध्या तासाच्या आत यंत्रावर चढवायचा. जुन्नर-भोरहून बाटली पुण्याला पाठवून आलेला अमोनियाचा आकडा निरुपयोगी असतो. तिथून बाळच हलवावे. आकडा १५० मायक्रोमोलच्या वर निघाला तर लगेच दुसरा नमुना आणि चयापचय विकारांच्या तज्ज्ञाला फोन. तोवर दूध थांबवून दहा टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे मिनिटाला ८ ते १० मिलिग्रॅम ग्लुकोज जाईल अशा वेगाने. साखर कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू तोडते आणि विष आणखी वाढते. प्रथिने मात्र दोन दिवसांहून जास्त बंद ठेवायची नाहीत, याच कारणाने. बाळाच्या लंगोटाला किंवा कानातल्या मळाला मेथीसारखा, जळक्या साखरेसारखा वास येतो असे आई सांगत असेल, तर ते ऐका. ‘याच्या आधीचे मूलही आठवड्यात गेले’ हे वाक्य केसपेपरवर लाल शाईने लिहा. आईबाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक ही शक्यता कायम राहते, आणि मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात ‘आधीचे मूल असे गेले का?’ हा प्रश्न विचारायचाच.

गॅलॅक्टोसिमियात आईचे दूधच बाळाला सोसत नाही. उलट्या, वाढती कावीळ, यकृत बिघडणे, ई-कोलायचा संसर्ग, डोळ्यात मोतीबिंदू. शंका आली की रिपोर्ट येईपर्यंत दूध थांबवून सोयाचे दूध द्यावे. जीव वाचतो, यकृत सुधारते. मात्र या आजारात वेळेत उपचार होऊनही काही मुलांना बोलण्यात आणि शिकण्यात अडचण राहते. आईबापांना हे आधीच सांगितलेले बरे. अधिवृक्क ग्रंथीच्या विकारात मुलगी जननेंद्रियांच्या ठेवणीवरून ओळखू येते, मुलगा ओळखू येत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, घटते वजन, उतरलेले सोडियम आणि चढलेले पोटॅशियम घेऊन येतो. नमुना घेऊन ताबडतोब शिरेतून २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन. झटके, अंगावर पुरळ आणि विरळ केस असतील तर बायोटिनिडेज विकराच्या कमतरतेची शंका घेऊन बायोटिन हे जीवनसत्त्व, रोज ५ ते १० मिलिग्रॅम, तोंडाने. इतका सोपा उपचार दुसऱ्या कोणत्याही चयापचय विकाराला क्वचितच मिळतो.

पीकेयू युरोपच्या मानाने आपल्याकडे कमी दिसतो, पण दिसतो. त्यात फिनाइलअ‍ॅलनीन पचत नाही आणि ते प्रत्येक प्रथिनात असते, १ ग्रॅम प्रथिनात सुमारे ५० मिलिग्रॅम. आईचे दूध मोजून देता येते, उरलेली प्रथिने खास भुकटीतून. वरचे अन्न सुरू झाले की खरी कसोटी, कारण आपल्याकडे बाळाचे पहिले जेवण म्हणजे वरणाचे पाणी आणि मऊ भात. डाळ, दूध, अंडे, शेंगदाणे, राजगिरा टाळायचे. साबुदाणा, आरारूट, बटाटा, फळे, तूप, गूळ यांवर पोट भरायचे आणि भातही तोलून. साबुदाण्याची खिचडी चालते, त्यातले दाण्याचे कूट चालत नाही. सरसकट ‘प्रथिने बंद’ असे सांगितले तर बाळ खंगते आणि रक्तातला आकडा उलट वाढतो. रक्तातली पातळी १२० ते ३६० मायक्रोमोलमध्ये राखायची. हे काम आहारतज्ज्ञाचे आहे आणि दर भेटीला तासभर लागतो. बाह्यरुग्ण विभागात तेवढी वेळ राखून ठेवली पाहिजे. भुकटी महाग आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात खास आहारावर चालणारे हे विकार दुसऱ्या गटात आहेत, २०२२ पासून सर्व गटांना पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचे केईएम हे आपल्या जवळचे उत्कृष्टता केंद्र आहे. पुण्यातून तिथवर कागद कोणी आणि किती दिवसांत पोचवायचे, ही व्यवस्था पालिकेने लावून द्यावी. आईबाप त्या काळात दवाखान्यात अडकलेले असतात.

आता तुमच्या हातात काय आहे ते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला आणि जन्मजात थायरॉइड कमतरता त्याच्या यादीत आहे. गोव्याने २००८ मध्ये नवजात तपासणीला सुरुवात केली. केरळ सरकारी रुग्णालयांत ती करते. पुण्यात रुग्णालये आहेत, प्रयोगशाळा आहेत, शिकवणारी माणसे आहेत. पन्नास विकारांच्या मोठ्या तपासणीची वाट न पाहता पालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात आधी थायरॉइडची तपासणी पक्की करा. जमेल तसे पुढचे विकार जोडता येतील.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली खासगी प्रसूतिगृहांची नोंदणी आणि नूतनीकरण पालिका करते. नूतनीकरणाच्या वेळी तपासणीचे रजिस्टर मागा. त्यात जन्माचा दिवस आणि तास, नमुन्याचा तास, कार्ड निघाल्याची तारीख, रिपोर्टची तारीख, आणि रिपोर्ट बिघडलेला असेल तर पहिल्या डोसच्या दिवशी बाळाचे वय, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना बाराच्या वर गेला तर कुठे वेळ गेला ते शोधा. शिक्षा करायला नको, पण शोधायलाच हवे. आशा ताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातातच. सातव्या दिवशीच्या भेटीत ‘टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट आला का?’ हा प्रश्न त्यांच्या तक्त्यात घाला आणि ज्यांचा आला नाही त्यांची नावे त्याच संध्याकाळी प्रसूतिगृहाला कळवू द्या. शहरासाठी एक परिचारिका केवळ परत बोलावण्याच्या कामाला द्या. तिच्याकडे एक फोन, एक यादी आणि गरज पडली तर रुग्णवाहिका बोलावण्याचा अधिकार असावा.

आणि उद्यापासून, कोणत्याही आदेशाशिवाय, प्रत्येक प्रसूतिगृहाला एक गोष्ट सुरू करता येईल. डिस्चार्जच्या कागदावर सही घेण्यापूर्वी आईला विचारा: ‘बारशापर्यंत बाळ कुठे असणार, आणि तिथे कोणाचा फोन उचलला जातो?’ दोन नंबर घ्या, एक माहेरचा आणि एक सासरचा. ती निघण्याआधी दोन्ही लावून पाहा.

आपले,
नवजात तपासणी आणि चयापचय विकारांच्या उपचारात काम करणारे पुण्यातील काही बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ